चंद्रावळीचा डावा पाय

जोड्या जुळवण्यात माझा हात धरणारा गिरगावात अजून जन्मायचा आहे. मुलगा आमच्या चाळीचा जिना चढून वर येईपर्यंत त्याच्या शेजारी कोण शोभेल ते मी सांगून मोकळा होतो. उंचीला उंची, अंगलटीला अंगलट, लग्नाच्या फोटोत दोघांचे खांदे एका रेषेत. माझी स्वतःची बायको शांता माझ्याहून चांगली वीतभर उंच आहे, हे खरं. पण ते लग्न मी जमवलेलं नाही, आत्यानं जमवलं.

तर, सासऱ्यांच्या मोटारीचा एक्सल मोडला तेव्हा घाबरण्यासारखं मला काहीच दिसलं नाही.

आमचे सासरे अण्णा, राहायला आमच्याच चाळीत, म्हणजे भारी करारी माणूस. छप्पन साली आमच्या गल्लीतल्या सभेत, टाळ्या जरा जास्त पडल्या म्हणून, त्यांनी जाहीर केलं की मुंबईसह महाराष्ट्र झाल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी चाकावर बसणार नाही. मोटार नाही, ट्राम नाही, बस नाही, टांगासुद्धा नाही. अण्णा पेन्शनीत निघालेले. त्यांना जायचं असे फक्त खालच्या मजल्यावर, पत्ते खेळायला. पण सासूबाईंची, कौसल्याबाईंची, धाकटी बहीण रमाबाई राहायची दादरला. हा पण केला अण्णांनी आणि फेडला सासूबाईंच्या पायांनी. चार वर्षं त्या गिरगावातून दादरला चालत गेल्या आणि चालत आल्या. गुडघे कुरकुरायला लागले तरी तोंडातून शब्द नाही. फक्त निवडटिपण करताना एक ओवी यायची, आपल्याशीच म्हटल्यासारखी:

दारात गं रथ, त्याची किती सांगू शोभा,
धन्यानं घेतला पण, रथ जागी उभा.

हा रथ म्हणजे अण्णांची जुनी विलायती मोटार. डाळिंबी रंग, गोल डोळे, कमरेत बाक. गौळणीतल्या नटव्या बाईसारखी दिसते म्हणून चाळीनं तिचं नाव चंद्रावळ ठेवलं होतं. चार वर्षांत तिच्या टपावर कुरडया वाळल्या, पोटात मांजरी व्याल्या, आणि गणपतीची मखरं तर तिच्या मागच्या सीटवर मुक्कामालाच होती.

साठ सालचा एप्रिल उजाडला आणि ठरलंच. एक मेला महाराष्ट्र. सासूबाईंनी पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, त्या दिवशी मी रमाच्या दारात गाडीतून उतरणार. तिला म्हणावं, चहा ठेव, पाय चेपायला बसू नकोस."

"मी नेतो," मी म्हणालो. मोटार चालवणारा घरात मी एकटाच, आणि जावई असल्यामुळे पणाबाहेरचा.

चंद्रावळ धुतली, पुसली, तिला पेट्रोल पाजलं. हँडल मारलं तशी ती खोकत खोकत जागी झाली. सगळी चाळ गॅलरीत. मी क्लचवरचा पाय ऐटीत उचलला, आणि खालून आवाज आला: कट्. इंजिन गातंय, गाडी जागची हलत नाही.

"काय मोडलं?" अण्णांनी वरून विचारलं.

"काही नाही, झोपेतून उठली, अंग मोडतेय," मी म्हणालो.

शांता गॅलरीतूनच म्हणाली, "अंग मोडताना हाडं मोडत नाहीत कुणाची."

परळचा कोंडीराम मिस्त्री बोलावला. त्यानं गाडीखाली सरपटत जाऊन निदान केलं. मागच्या दोन चाकांना दोन एक्सल, मध्ये एक लोखंडी गोळा. इंजिनाचा जोर गोळ्यात येतो, आणि गोळ्यातून एक्सल तो चाकांना पोचवतात. त्यातला उजवा एक्सल मधोमध तुटला होता. लांब दांडा, एका टोकाला दाते, दुसऱ्या टोकाला थाळीसारखी चपटी चकती.

"ह्यो येक बदलला की झालं," कोंडीराम म्हणाला. "डावा झ्याक हाय."

"म्हणजे एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना?" मी विचारलं. "कोंडीराम, नव्या नवरीशेजारी जुना नवरदेव उभा करायचा? जोडी एकसारखी हवी. दोन्ही बदलू."

कोंडीराम काहीतरी बोलणार होता. पण त्याची थोरली मुलगी नलू लग्नाची होती, आणि महिनाभर तो तिच्या स्थळासाठी माझ्यामागे होता. त्यानं तोंड मिटलं. "तुमी म्हंता म्हंजे बराबरच आसंल," तो म्हणाला आणि चांगला असलेला डावा एक्सलही काढून ठेवला.

मोडक्याचे दोन तुकडे सुतळीनं बांधून, डावा काखेत मारून मी सरळ भायखळ्याच्या भंगारवाल्याकडे गेलो. कुशाबा त्याचं नाव. त्याच्याकडे आमच्या चंद्रावळीच्या घराण्यातल्या दोन गाड्या मोडायला आल्या होत्या. एक्सलांचा ढीग पाहून मला वधूवरमेळाव्यात आल्यासारखं वाटलं. एकेक उभा केला, सुतळीच्या तुकड्याशेजारी धरला. हा बुटका, नको. हा काळवंडलेला, नको. शेवटी दोन निघाले, जुळे भाऊच. चकतीला चकती, दात्याला दाते, उंचीत गव्हाभर फरक नाही.

"ही जोडी दे," मी म्हणालो.

"दोन्ही हेच?" कुशाबानं माझ्याकडे पाहिलं. "बघा हां, शेठ."

"बघूनच घेतोय."

कुशाबाच्या बुटक्या मुनिमानं, कोंडीरामच्या घरी बिलं पोचवायचा तोच, जोडी वहीत मांडली आणि बदल्यात मी आमचा डावा एक्सल देऊन टाकला. त्या एक्सलकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो त्या बुटक्या नाकारलेल्याइतकाच भरला असता.

एकोणतीस तारखेला कोंडीरामनं उजवा बसवला. अगदी सुरेख. मग डावा बसवला. तो आत जाईना. रेटला, ठोकला, तरी डावं चाक मडगार्डच्या बाहेर हातभर निघालेलं. चंद्रावळ एक पाय बाहेर टाकून फुगडी घालायला उभी असावी तशी दिसत होती.

"असं कसं?" मी म्हणालो. "दोघांची उंची एकच आहे."

"तेच तर," कोंडीराम म्हणाला. "ह्या गाडीचा गोळा मधोमध नसतोय. डावीकडं सरकलेला हाय. उजवा यक्सल लांब, डावा आखूड. तुमी आणले ते दोन्ही उजवेच."

"अरे, मग आधी का नाही बोललास?"

त्यानं हात पुसले. "रघुवीरराव, मुलीचा बाप बोलतो व्हय?"

गॅलरीत शांता कठड्याला टेकून उभी होती. "म्हणजे एक उंच, एक बुटका असला तरच गाडी चालते," ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मागे सासूबाई हिरव्या लुगड्याची घडी घालत होत्या. घडी उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. मला ते शांताच्या टोमण्यापेक्षा जड गेलं.

जादा लांब एक्सल खांद्यावर टाकून धावत कुशाबाकडे गेलो. आखूड एक्सल द्या म्हणालो. तो म्हणाला, आखूड सगळे आजच गेले. लालबागला, मसाल्याच्या डंक्यावर. मसाल्याचा हंगाम, डंकावाल्या बाईला कांडायला लोखंडी मुसळं हवी होती.

लालबागला पोचलो तर गल्लीच्या तोंडाशीच डोळे भरून आले. आत बकुळाबाईंचा डंका: मुसळं वर जातायत, उखळीत आदळतायत, मिरच्यांचा लाल धुरळा. आणि त्या मुसळांत आमच्या चंद्रावळीचा डावा पाय, चकती खाली करून मनापासून मिरच्या कुटत होता. मी ओळखला त्याला. वर आमच्या गाडीच्या डाळिंबी रंगाचा डाग होता.

"बाई, ते मुसळ माझ्या सासऱ्यांचं आहे," मी शिंकत म्हणालो.

"सासऱ्याक सांगा, आता ता माझा," बकुळाबाई म्हणाली. "मिळाचा नाय. अर्ध्या लालबागेचो मसालो खोळंबलो आसा."

"मी त्याहून लांब देतो, नवा."

"लांब घेवन काय छपराक लावू?"

मी शिंका आवरत सगळं सांगून टाकलं: अण्णांचा पण, गिरगाव, दादर, हिरवं लुगडं. बकुळाबाईनं डंक्याचा पट्टा चाकावरून उतरवला. डंका थांबला.

"गिरगावची कौसल्याआजी? हयसर पायरीर बसता ती, पाय चोळीत. पाणी पिता नि उठता. मी म्हटलंय, आजी, ट्रामान जा गो. तर म्हणता, माझी ट्राम पणात अडाकली." तिनं स्वतःच्या हातानं एक्सल काढला. "घेवन जा. लांबडो ठेवा हय, कापून घेतंय मी."

मिरच्यांच्याच रिकाम्या गोणत्यात तिनं तो गुंडाळून दिला. कुणी पळवू नये म्हणून मी तो रात्रभर चंद्रावळीच्या मागच्या सीटवर, काचा लावून, अगदी जपून ठेवला. एवढी दक्षता दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

तीस तारखेला डावा बसला. चाक जागेवर आलं. एक मेला सकाळी अण्णा कोट घालून आणि सासूबाई हिरवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसले, सीटनं फुस्स केलं, आणि आम्ही निघालो.

चर्नी रोडलाच अण्णांनी डोळे पुसले. भायखळ्याला सासूबाईंनी पदर लावला. मी आरशात पाहत होतो आणि मला भरून येत होतं, की काय हे प्रेम महाराष्ट्रावरचं. प्रत्येक खड्ड्याला सीट उसासा टाकत होती आणि मागून हुंदका येत होता.

लालबागला लेझीमवाल्यांनी गाडी अडवली. गुलाल, झेंडे, तोरणं. एका कार्यकर्त्यानं आत डोकावून पाहिलं आणि ओरडला, "बघा रे, आजीआजोबांचे डोळे थांबत नाहीत. अशा माणसांमुळे राज्य आलं." दोघांच्या गळ्यात हार पडले. अण्णांना दोन शब्द बोला म्हणाले. अण्णा उभे राहिले, ओठ थरथरले, गर्दी स्तब्ध झाली, आणि अण्णांनी गडगडाटी शिंक दिली. लोक त्यालाही टाळ्या वाजवत होते.

गाडी पुढे निघाली. सासूबाईंनी सीटवरून बोट फिरवलं, लाल झालेलं बोट पाहिलं, हुंगलं.

"अहो," त्या अण्णांना म्हणाल्या, "चार वर्षं चालवलंत, तेव्हा नाही आलं डोळ्यांत पाणी. आज बसवलंत, तेव्हा आलं."

अण्णांनी हळूच आपला रुमाल त्यांच्यापुढे धरला. दादरला रमाबाईंच्या दारात चंद्रावळ थांबली, आणि सासूबाई राणीसारख्या उतरल्या, नाक लाल, मान ताठ.

जोड्या जुळवण्यावरचा माझा विश्वास काही ढळलेला नाही. कोंडीरामच्या नलूसाठी लगेच स्थळ आणलं, उंचीला उंची. कोंडीराम म्हणाला, झकास. या वेळी मात्र मी शहाणपणानं शांताला पाठवून खुद्द नलूलाच विचारलं.

ती नको म्हणाली. तिला तो कुशाबाकडचा बुटका मुनीम आवडलाय.