फळ्यांवरचं वजन

नीरजाला वाचायला पुस्तक हवं होतं आणि तिची सगळी पुस्तकं बाबांच्या फळ्यांवर होती. मांडलेली नव्हती, वजन म्हणून रचलेली होती.

अविनाशराव लाकूड तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. लेकीकडे गुरुग्रामला राहायला आल्यावर त्यांनी तिच्यासाठी शेल्फ करायचं ठरवलं, तेही लागवडीच्या निलगिरीचं. ओल्या फळ्या बाल्कनीत एकावर एक रचून, चिरा पडू नयेत म्हणून त्यांनी टोकांना मेण लावलं.

"बाबा, राहू द्या ना. रेडीमेड मागवते मी."

"भुसा दाबून केलेलं? पुस्तकांखाली त्याचा झोपाळा होतो. निलगिरी ताकदीला सागालाही हार जात नाही. फक्त वाळताना आकसते, पीळ घेते. वर वजन असलं की सरळ राहते."

शेजारचे चड्ढाजी चहाला आले होते. "अंकलजी, सफेदा? उसकी तो बल्ली बनती है!" निलगिरीला ते सफेदा म्हणत, आणि बल्ली म्हणजे बांधकामाचा टेकू.

"बल्ली टूटते देखी है कभी?"

एवढ्यात नीरजाने तळातलं पुस्तक ओढलं. ढीग कोसळला, त्याच्या धक्क्याने शेजारची पाण्याची बादली लवंडली आणि पुस्तकं भिजली.

"यार बाबा, आता?"

"आता पुस्तकंही वाळवायची. पण तोवर वजन?" अविनाशरावांची नजर फिरत फिरत चड्ढाजींच्या पोटावर स्थिरावली. "चड्ढाजी, इधर बैठिए. जब तक मैं ना कहूँ, उठना मत."

चड्ढाजी बसले. चहा तिथेच आला, मग भजीही. संध्याकाळपर्यंत बाल्कनीत हसणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अविनाशराव उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर एका सकाळी बेल वाजली. दारात पेपर घेऊन चड्ढाजी. ते थेट बाल्कनीत गेले आणि फळ्यांवर बसले.

"चड्ढाजी, पुस्तकं वाळलीत. ठेवते मी परत."

"रख दो बेटा, बाजू में. अंकलजी ने उठने को कहाँ बोला था?"

मग ते रोज येऊ लागले. पेपर वाचत, कधी मधेच डोळे पुसत. उन्हाळा गेला, पाऊस गेला. दिवाळीच्या आधी दोघांनी फळ्या खाली उतरवल्या. सगळ्या सरळ, एकच किंचित वाकलेली.

चड्ढाजी ओशाळले. "ये मेरे नीचे वाली थी. डॉक्टर के कहने पे वेट कम किया ना मैंने!"

कितीतरी दिवसांनी नीरजा मोठ्याने हसली. मग ती वाकडी फळी तिने मांडीवर घेतली. हात फिरवला. चड्ढाजी पेपरमागे गेले.

"बाबा," ती म्हणाली, "मला रेडीमेड नको होतं. तुम्ही केलेलंच हवं होतं."