दूध आलंय, गेटवर बसलंय

वृंदाचं दूध दुपारीच आलं होतं, पण पास नव्हता म्हणून वॉचमननं त्याला हॉस्पिटलच्या गेटवर बाकावर बसवून ठेवलं होतं.

वृंदाची धाकटी बहीण शर्वरी चहा प्यायला खाली उतरली, तेव्हा तिला हे कळलं. सिझर होऊन काही तासच झाले होते. वृंदा वरच्या वॉर्डात, बाळ खालच्या नर्सरीत रडतंय, आणि वृंदाच्या आतेसासूबाई, यमूआत्या, पावडरचं दूध कालवायला निघालेल्या.

"अहो काका, सोडा की त्याला आत!"

"सोडतो की. पण कुणाकडं?" वॉचमन म्हणाला. "आईचा पाहुणा वर जातो, बाळाचा नर्सरीत. हे म्हणतंय, मी दोघांचं. दोघांचा मिळून पास निघत नाही, ताई."

"बरोबर आहे त्यांचं," दूध समजूतदारपणे म्हणालं. "दोघं एका जागी असल्याशिवाय माझं काम होत नाही. आणि बाळानं बोलावलं नाही, तर मी फार वेळ थांबत नाही. आमच्यात तशी पद्धत नाही."

तेवढ्यात बाटली हलवत यमूआत्या आल्या. त्यांनी दुधाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढंसंच? आणि पिवळं! अगं, हे पहिलं काढून टाकायचं असतं. शिवाय सिझरच्या बाईला चार दिवस दूध येतच नाही."

"आत्या, ते तुमच्यासमोर बसलंय."

"आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही."

"असेल, आत्या. तुम्ही काढून टाकलं असेल."

दूध उठलं आणि चपला शोधू लागलं.

"पाच मिनिटं बसा हो, प्लीज!" म्हणत शर्वरीनं एका दमात जिना गाठला.

इन्चार्ज सिस्टर तापमान बघत होत्या. "पेशंटला टाके आहेत. उठून बसता येत नाही. बाळ घेणार कसं?"

"बसायचंय कशाला? कुशीवर वळवू, बाळ शेजारी आडवं ठेवू. उशी मी धरते."

"सिझरची बाळं नर्सरीतच ठेवतो आम्ही."

"ठेवा. मग खालचा पाहुणा न भेटता परत चाललाय."

सिस्टर गंभीर झाल्या. भेटीच्या वेळेत आलेल्या पाहुण्याला न भेटवता परत पाठवायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. त्यांनी थर्मामीटर खिशात घातला आणि नर्सरीतून बाळ उचलून आणलं.

"जावा वर," वरून निरोप येताच वॉचमन दुधाला म्हणाला. "दोघंही एकाच कॉटवर आहेत."

दूध जिना चढून आलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं पाय आखडून त्याला वाट दिली. बाळ वृंदाच्या कुशीत नाक घासत शोधतच होतं.

मागोमाग धापा टाकत यमूआत्या आल्या, बाटलीसकट. "काय हो," त्यांनी दुधाला विचारलं, "पुरणार आहात का तुम्ही त्याला?"

दूध केव्हाच कामाला लागलं होतं.