ताशी तीन हजार लिटर

तक्रारी स्वीकारणाऱ्या आमच्या कार्यालयात रांगेतले लोक फार चिडतात, असे वरिष्ठांच्या निदर्शनास आले. तक्रारी लवकर निकाली काढणे हा उपाय अव्यवहार्य ठरल्याने प्रतीक्षागृहात माशांची पेटी बसवण्यात आली. खऱ्या पाणवनस्पती, नऊ मासे आणि पाणी गाळणारा एक छोटा फिल्टर. लोक पेटीकडे बघत बसत आणि आपण कशासाठी आलो होतो ते विसरत. योजना यशस्वी झाली.

चार महिन्यांनी फिल्टरची धार मंदावली. साफसफाई करून माशांना दाणे घालणाऱ्या मावशी साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, आतला स्पंज गाळानं भरलाय. पेटीतल्याच पाण्यात पिळून बसवते, पाच मिनिटांचं काम आहे. ठमी सारखी वर येऊन तोंड उघडतेय हो."

ठमी म्हणजे नारंगी, गुबगुबीत मासोळी. मावशींचे बोट दिसले की धावत काचेशी यायची.

"पाच मिनिटांचं काम असं परस्पर करतात का, मावशी? समिती नेमू."

दीड फूट खोल पेटीवर समितीने सव्वा महिना विचार केला. धार कमी पडते, अर्थात ती वाढवली पाहिजे. ताशी तीन हजार लिटरचा पंप आला. तो तळ्यासाठी आहे असे खोक्यावर छापले होते, पण खोके आवक विभागात नोंदीसाठी अडकले होते. बटण दाबताच झाडे मुळांसकट उपटली गेली आणि मासे काचेवर जाऊन आदळले.

"अहो, बंद करा ते!" मावशी ओरडल्या.

"बंद नाही करता येणार. वेळा ठरवून देऊ."

त्यानुसार पंप दहा ते पाच चालू लागला, जेवणाची सुट्टी वगळून. चालू असताना मासे आपटत, बंद असताना गुदमरत. रविवारी तर विचारूच नका.

"निदान ठमीला तरी बादलीतून घरी नेऊ द्या," मावशींनी बादली पुढे केली. "माझ्या हातानं वाढलीय ती."

"कार्यालयाची मालमत्ता बादलीत? नियमात बसत नाही."

तिसऱ्या सोमवारी ठमी उताणी तरंगत होती. मावशी कोपऱ्यात जाऊन रडल्या. साहेबांनी मृत्यूचे कारण नोंदवले: 'प्रवाहाशी जुळवून घेण्यात कसूर.' उरलेल्या आठांनीही आठवड्याभरात तीच कसूर केली.

मग प्लास्टिकची झाडे आणि प्लास्टिकचे मासे आले. त्यांना फिल्टर लागत नाही, पण पंप खरेदी झालेला असल्याने तो चालवणे भाग होते. मासे गरागरा फिरू लागले. रांग बेहद्द खूश झाली, बाकांवरून टाळ्या पडल्या.

"काय चपळ आहेत!" कोणीतरी म्हणाले.

"आणि कुरकुर नाही कसली," शेजारच्या बाई म्हणाल्या.

फरशी पुसता पुसता मावशी थांबल्या. "यातला एक तरी जिवंत आहे का हो?"

सगळ्यांनी पेटीकडे पाहिले. मावशी मात्र रांगेकडे बघत होत्या.

तिसऱ्या बाकावर टाळ्या वाजवणारे तुम्हीच ना? तुमची तक्रार काय होती, आठवतेय?