चार मिनिटांचा फरक

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या नोकरदारांनी वर्षभरात भरलेले कामाचे तास दर जानेवारीत गोण्यांत भरून सीमेवरच्या एका गोदामात येत, आणि कुठला देश जास्त राबला हे तिथे मोजून ठरे.

हेमांगी राजोपाध्ये ऑस्ट्रियाच्या बाजूने नऊ वर्षं तास उलगडत होती. घडी घातलेला तास टेबलावर उलगडला की त्यात माणूस काम करताना दिसायचा, बोललेलं ऐकू यायचं. चहा, जेवण, खासगी फोन आढळला की तेवढी मिनिटं कात्रीने कापायची आणि उरलेलं मोजायचं. समोर स्वित्झर्लंडच्या तपासनीस रेगुलाबाई बसत. दोघींना बोलायची फारशी गरज पडत नसे. मार्चमध्ये नवरा गेल्यापासून हेमांगीला घरीही ती पडत नव्हती.

त्या वर्षी शेवटच्या गोणीपर्यंत आकडे जवळजवळ बरोबरीत आले. गोणी ऑस्ट्रियाची होती, वर्ष संपायच्या आत ज्यांचं काम थांबलं त्यांची. तिच्या तळाशी मकरंदचे चारशे एकतीस तास निघाले.

"कोण आहेत हे?" रेगुलाबाईंनी नाव वाचून विचारलं.

"माझे यजमान."

रेगुलाबाईंनी नियमावली चाळली. "नातलगांचे तास मोजू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही. मोजा."

मकरंद रोपवेचे आराखडे काढायचा. तासामागून तास तो पाठमोरा बसलेला दिसला. काम करताना तो गुणगुणतो हे हेमांगीला बारा वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. चार दिवस ती त्याची पाठ बघत राहिली.

शेवटून दुसऱ्या तासात त्याचा फोन वाजला आणि तो वळला.

"अगं, दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात राहिल्यात. बाहेर थंडीत उभी राहू नकोस. कोपऱ्यावरच्या बेकरीत बस, मी निघतोच. हो गं, जेवलो."

फोन ठेवून तो तसाच बसून राहिला, हसत.

"बोलणं तीन मिनिटं," रेगुलाबाई म्हणाल्या. "ती कापा. नंतरच्या मिनिटाचं काय? ते कामात धरायचं का?"

कामात धरलं तर ते मिनिट शिक्का बसून व्हिएन्नाला जाणार होतं, बाकीच्या तासांसोबत, कायमचं. कापलेली मिनिटं मात्र कुठल्याच देशाची नसत. ती संध्याकाळी झाडून टाकत.

"विचार करतायत ते," हेमांगी म्हणाली.

"कशाचा? रोपवेचा?"

हेमांगी बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "रोपवेचा नाही."

तिने चारही मिनिटं अलगद कापली. उरलेले तास मोजून झाले आणि बेरीज लागली. स्वित्झर्लंड चार मिनिटांनी पुढे होता. दोघींनी सह्या केल्या. शिपाई गोण्या शिवायला लागला.

हेमांगीने कापलेला तुकडा रुमालात गुंडाळला.

"कुठे नेताय?" रेगुलाबाईंनी विचारलं.

"घरी."

रेगुलाबाईंनी पुन्हा नियमावली चाळली, मिटली आणि उठून आपलं कपाट उघडलं. आत पत्र्याचे काही डबे ओळीने मांडलेले होते. त्यांतला एक रिकामा डबा त्यांनी हेमांगीसमोर ठेवला.

"रुमालात टिकत नाहीत," त्या म्हणाल्या. "झाकण घट्ट लावा आणि उन्हात ठेवू नका. माझी दोन तशीच गेली."