विहीणबाईंसाठी उजळणी

पाणीपुरवठा खात्यातल्या मीटर तपासनीसांना आपल्या विहीणबाईंशी त्यांच्याच भाषेत बोलायचं होतं. लेक परदेशात नांदत होती, तिच्या सासूबाई पहिल्यांदाच राहायला येणार होत्या आणि 'आमचे बाबा बोलघेवडे आहेत' असं लेकीने तिकडे सांगून ठेवलं होतं.

तपासनीसांनी रीतसर भाषाप्रसार केंद्रात नाव घातलं. केंद्राची पद्धत शास्त्रशुद्ध होती. पुस्तक वाचायचं, अडलेला शब्द मोबाइलमध्ये टाकायचा आणि मोबाइल सांगेल त्या दिवशी त्याची उजळणी करायची. आठवला की हिरवी खूण, विसरला की लाल.

"आणि बोलायचं कधी?" तपासनीसांनी विचारलं.

"बोलणं या अभ्यासक्रमाच्या कक्षेत येत नाही," केंद्रप्रमुख म्हणाले. "बोलल्याने चुका होतात."

केंद्रात शिल्लक असलेलं एकमेव पुस्तक म्हणजे खुनाची कादंबरी. त्यामुळे विष, गळफास आणि बेवारस प्रेत हे शब्द तपासनीसांना लिंगवचनासह येऊ लागले. 'चहात साखर किती' हे मात्र येईना, कारण कादंबरीतला चहा पिणारा साखरेआधीच मरत होता.

विहीणबाई आल्या. तपासनीसांनी मनातल्या मनात सगळा शब्दसंग्रह चाळला आणि लेकीच्या संसाराचा विचार करून ते गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराची कडी अडकली. आतून विहीणबाईंनी हाक मारली. तपासनीसांनी दाराला कान लावला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"'मदत' म्हणताहेत. त्यांच्यात नपुंसकलिंगी आहे."

"अहो, मग करा ना," बायको म्हणाली.

"थांब गं. हा शब्द गुरुवारी यायचा होता, मला आजच आठवला." त्यांनी हिरवी खूण केली. आतून आणखी एक शब्द आला. तो त्यांच्या वाचनात आलेला नव्हता. ते चष्मा लावून कादंबरीत शोधू लागले.

बायकोने शेजारच्या सुताराला बोलावून आणलं. त्याने पटाशीने कडी सरकवली. विहीणबाई घामाघूम होऊन बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि शब्दाला शब्द जोडत चक्क तपासनीसांच्या भाषेत म्हणाल्या, "कडीला तेल घाला. मला थोडं पाणी द्या."

सगळे थक्क झाले. विहीणबाईंच्या गावात भाषाप्रसार केंद्र नव्हतं. सुनेची शाळेतली पुस्तकं वाचायची आणि भांडी घासता घासता त्यातलेच शब्द तिच्याशी बोलायचे, असं त्या आपल्या परीने शिकल्या होत्या.

"व्हेरी गुड, मॅडम. यू स्पीक सो नाइसली," तपासनीस म्हणाले.

"यू सिट, मॅडम, सिट," बायको म्हणाली.

"नो टेन्शन," सुतार म्हणाला.

ही तिसरी भाषा विहीणबाईंना अजिबात येत नव्हती. आपलं नेमकं कुठे चुकलं, हे त्यांना कळेना. पाणी यायलाही उशीरच झाला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आपली भाषा बोलू पाहणाऱ्या परक्या माणसाला आपण सगळे असंच उत्तर देतो. तुम्हीही दिलं असेल, आणि तेही मोठ्या कौतुकाने.