कामथडीकर बनाबाईंनी तबकडीची दुसरी बाजू सर केली त्याची हकीकत

श्रोतेजनांचे हुजुरास रामराम. थोरामोठ्यांच्या लढाया लिहिता लिहिता लिहिणारांचे बोरू झिजले आणि कोणी कोणता गड घेतला ते पोरासोरांस तोंडपाठ जाहले. परंतु शके अठराशे त्र्याण्णवात भोर मुक्कामी, एस.टी. स्टँडासमोर, कुंडलिकरावांच्या चहाच्या हॉटेलात जी मोहीम कामथडीकर बनाबाईंनी एकटीने मारिली, तिची दखल कोणी घेतली नाही. सबब घडला मजकूर लिहितो, तो खरा मानावा, आणि ज्यांस शंका येईल त्यांनी खुशाल भोरास जाऊन चौकशी करावी.

बनाबाई शेतकामकरी, अंगाने किरकोळ, जिभेने जबर, आणि गळा ऐसा की बांधावरून गाऊ लागल्या तर पलीकडल्या शिवारातली माणसे विळा थांबवून उभी राहात. गाणी आपणच रचावी आणि आपणच गावी, आणि सोबतीस धाकटी नणंद रतनबाई. भावजयीने सवाल करावा आणि नणंदेने जबाब द्यावा, ऐसे भातलावणीचे एक गाणे दोघींनी चिखलात उभ्या राहून बांधिले. मग मुंबईच्या कोणा रेकॉर्ड कंपनीचा माणूस जत्रेत ते ऐकून खूष जाहला आणि दोघींस मुंबईस नेऊन तबकडी भरविली. एका बाजूस बनाबाईंचे एकटीचे गाणे, दुसऱ्या बाजूस दोघींचे. कंपनीने नारळ दिला, पातळे दिली आणि परतीच्या गाडीत बसविले. तबकडी मात्र दिली नाही, आणि दिली असती तरी वाजवावी कशावर, घरात यंत्र कुठले? मग त्याच हिवाळ्यात रतनबाई तापाने गेली. फोटो एकही काढिला नव्हता. तिचे जे काय या जगात उरले ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूस उरले, आणि ते बनाबाईंनी कधी ऐकिले नव्हते.

पुढे एके बाजारच्या दिवशी बनाबाई भोराहून परत निघाल्या, आणि गाडी स्टँडाबाहेर पडते तोच हॉटेलातून आपलाच आवाज कानी आला. गाडी काही थांबली नाही. पण बाईंनी त्याच क्षणी मनाशी मनसुबा बांधिला, की पुढल्या बाजारी ही जागा काबीज करावी, आणि रतनचा आवाज ऐकल्यावाचून माघारी फिरू नये.

आता शत्रुपक्षाची हकीकत. कुंडलिकराव हॉटेलवाले माणूस भला, पण वस्तू जपण्याचा विकार भारी. नवा पेला फळीवर, नवी सतरंजी माळ्यावर, आणि तबकडीची एकच बाजू वाजवावी, दुसरी यात्रेपावेतो कोरी ठेवावी, ऐसा त्यांचा कायदा. सुई लागली की गाणे झिजते, मग एक बाजू तरी शाबूत नको काय? तबकडी येऊन वर्ष होत आले, पहिल्या बाजूतून गाण्याइतकीच खरखर निघू लागली, तरी दुसऱ्या बाजूस सुईचे टोक लागले नव्हते.

आणि या एका बाजूवर दोन फौजा लढत होत्या. पहिल्या फौजेचे सरदार सर्जेराव, पेन्शनीतले तलाठी, यांचे म्हणणे की हे अस्सल गावाकडले गाणे नव्हेच, अस्सल गाण्यात पेटी वाजत नाही, ही बाई शहरात राहून बिघडलेली दिसते. दुसरे सरदार आनंदराव कापडवाले, यांचे म्हणणे की आवाज म्हणजे निव्वळ खडीसाखर, परंतु शब्द कोणा मास्तराने लिहून दिले असणार, कारण बाईमाणसास इतके सुचेल कसे? यावर रोज टेबले बडविली जात, चहा निवत असे, आणि एकदा तर आनंदरावांची टोपी किटलीत पडली. मौज अशी, की दुसरी बाजू कोणी ऐकिली नव्हती, आणि सर्वांत ठाम मते दुसऱ्या बाजूवरच होती. सर्जेराव म्हणत ती टाकाऊ आहे, आनंदराव म्हणत ती पहिलीहून सरस आहे. दोघांनीही आपली अब्रू तिजवर लाविली होती.

पुढला बाजार आला, मग बनाबाईंनी कापूरहोळ फाटा गाठून एस.टी. धरिली, भाटघरचे धरण बाजूस टाकिले आणि उन्हे चढता चढता भोर गाठून हॉटेलापुढे तळ दिला. तळ बाहेरल्या बाकड्यावर. कामथडीत बनाबाईंची वस्ती गावकुसाबाहेरली, आणि तिथल्या माणसांनी हॉटेलाबाहेरच बसावे असा रिवाज होता. तो कोणी घातला हे कोणी सांगत नसे आणि सगळे पाळीत. चहा मागविला, तो बाहेर आला. मग बाईंनी दारातून वकिली लाविली, की मालक, त्या रेकॉर्डीची दुसरी बाजू लावा.

कुंडलिकरावांनी अदबीने जबाब दिला, की ती यात्रेस लागेल. बाई म्हणाल्या, की ती म्याच गायलीया, मला ऐकायची हाय. हे ऐकताच आत हास्याचा भडिमार जाहला. सर्जेरावांनी चष्मा कपाळी चढवून बाईंस आपादमस्तक पाहिले आणि निवाडा दिला, की रेकॉर्डीतली बाई तरुण आहे, आणि शहरातली आहे. आनंदरावांनी पुस्ती जोडिली, की रेकॉर्डवाल्या बाया एस.टी.ने येत नसतात. मग दोघांनी मिळून बाईंस त्यांच्याच गाण्याचा अर्थ फोड करून सांगितला. तो ऐकून बाई म्हणाल्या, "आसंल बाबा. लावा आता."

येथे उभय सरदार सावध जाहले. बाजू वाजली तर दोघांपैकी एकाची अब्रू जाणार हे उघड, आणि कोणाची ते कोणासच ठाऊक नाही. सबब वर्षाचे वैरी एका टेबलाशी आले, कानगोष्टी जाहल्या आणि तह ठरला: दुसरी बाजू कदापि वाजवू नये, वाजविल्यास उभयतांनी चहा दुसरीकडे प्यावा. ऐसी जरब बसताच कुंडलिकराव गर्भगळित होऊन गल्ल्यामागे दडले. वर्षभर भांडणाऱ्यांची जूट जाहली ती एका बाईस तिचे गाणे ऐकू न देण्यापुरती. धन्य ते रसिक!

बनाबाईंस रडू आले, पण ते त्यांनी आतल्या आत दाबिले. मग चहाचा पेला बाजूस ठेविला, पदर खोविला, आणि बाकड्यावर बसल्या जागी गाणे धरिले. तेच, दुसऱ्या बाजूचे. पहिला सवाल टाकिला आणि बाई गप्प राहिल्या. जबाबाला लागेल तितका वेळ तशाच थांबल्या, मान किंचित कलवून. मग दुसरा सवाल, आणि पुन्हा गप्प. स्टँडावरली माणसे गोळा जाहली, गाडी लागली तरी कोणी हलेना. तिसऱ्या सवालानंतरचे थांबणे कोणास सोसवेना. आतून कुंडलिकराव बाहेर आले, हातात फडके तसेच, आणि विचारते जाहले, की बाई, मधीच का थांबताय?

"तितं रतन हाय," बाई म्हणाल्या. "माझी नणंद. ती गेली. तिचा जबाब तुमच्या रेकॉर्डीत हाय, अन् तुमी ती जपून ठेवलीया."

कुंडलिकराव आत गेले. सर्जेरावांनी तहाची आठवण दिली आणि आनंदरावांनी उठण्याचा धाक घातला. त्यावर कुंडलिकराव इतकेच बोलले, की उठा. मग तबकडी उलटी केली, फडक्याने पुसली, आणि सुई ठेविली.

खरखर नव्हती. कोऱ्या बाजूतून गाणे स्वच्छ आले. बनाबाईंचा सवाल आला, आणि त्यामागून बारीक, थोडा नाकातला, हसू दाबल्यासारखा एक आवाज जबाब घेऊन आला. बाई बाकड्यावरून उठल्या, कोणास न विचारता उंबरा ओलांडिला, आणि यंत्राशेजारच्या खुर्चीत बसल्या. रिवाज जागच्या जागी मेला, आणि त्याचे सुतक कोणी धरिले नाही.

इतक्यात सर्जेरावांस राहवले नाही. त्यांनी घसा साफ केला आणि अभिप्राय काढिला, की आवाज तसा ठीक, पण ती मागची बाई जरा...

"गप ऱ्हावा," बनाबाई म्हणाल्या. "माझी नणंद बोलतीया."

सर्जेरावांनी अभिप्राय गिळिला. आनंदरावांनी टोपी काढून मांडीवर ठेविली. लागलेल्या गाडीचा कंडक्टर घंटीची दोरी सोडून हॉटेलाच्या दारात उभा राहिला. गाणे संपले, तबकडी नुसतीच फिरू लागली, आणि बाईंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. कुंडलिकरावांनी कोणाचे मत न घेता सुई उचलिली आणि परत आरंभास नेऊन ठेविली.

ऐसी ही फत्ते जाहली. आपल्या पक्षाचे नुकसान एक चहा, निवलेला. परपक्षाचे दोन सरदार शरण, त्यांची हत्यारे तोंडातल्या तोंडात. मुलूख हाती आला तो एक खुर्ची आणि एक बाजू. आणि पुढे बाजारचे बाजार सुई फिरून फिरून ती बाजू पहिलीसारखीच झिजत गेली, हेही नमूद असावे. बनाबाईंस याविषयी विचारिले असता त्या म्हणाल्या, की झिजू द्या, रतन जिती असती तर तिचाबी गळा बसला असताच की.