बूचवाले दाजी

आमच्या रत्नागिरीच्या फुटबॉल क्लबाचे मॅनेजर दाजी मुळ्ये मॅच चालू असताना आपल्याच गोलाच्या मागे उभे राहत. सगळा गाव मैदानाच्या कडेला, आणि हे एकटे गोलाच्या पाठीशी छत्री उघडून. समोरच्या गोलाकडे काय चाललंय ते त्यांना तिथून धड दिसतही नसे. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "तिकडे काय बघायचंय, मास्तर? तिकडे आपलं काय ठेवलंय?"

ही हकिकत एकोणीसशे तिसाच्या आगेमागची. दाजी एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. फुटबॉल ते जन्मात खेळले नव्हते. पोरांच्या गुडघ्यांना टिंक्चर लावायला म्हणून ते पहिल्यांदा मैदानावर आले आणि कुणीच नको म्हटलं नाही म्हणून मॅनेजर झाले. "आधी बूच, मग औषध" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बाटली हातात आली की आधी तिला बूच नीट बसतंय का ते बघायचं, मगच औषध ओतायचं. हाच नियम त्यांनी फुटबॉलला लावला. दुसऱ्यांच्या टीममध्ये दोन बॅक असत, दाजींच्या टीममध्ये सात. एकटा इब्राहिम, आमचा सेंटर फॉरवर्ड, मधल्या रेषेवर सोडलेला असे, त्यालाही ताकीद होती, "बॉल मिळाला तर लांब मार नि परत ये. त्याच्या मागे धावू नकोस. तो काय आपला नातेवाईक आहे?" शत्रू जवळ आला की गोलामागून छत्री हलवत दाजी ओरडत, "बूच! शिंच्यांनो, बूच!" आणि आमची दहा पोरं गोलाच्या तोंडाशी दाटीवाटीने उभी राहत.

निकाल ठरलेला. शून्य-शून्य. दाजी त्या दिवशी खडीसाखर वाटत. "शून्याला कोपरा नसतो हो मास्तर. कुणाला लागत नाही," असं म्हणून माझ्याही तळहातावर दोन खडे ठेवत.

मैदानावर एक आणि घरी एक, असला माणूस नव्हता तो. रस्त्याने जाताना समोरून बैलगाडी येताना दिसली, मग ती पार वळणावर का असेना, की दाजी बाजूच्या कुंपणाच्या, जांभ्या दगडाच्या गडग्यावर चढून उभे राहत. पत्ते खेळताना हुकमाचा एक्का शेवटपर्यंत जपून ठेवत, इतका की बऱ्याचदा तो हातात राहूनच डाव संपे. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सासऱ्यांना मात्र विचारलं, "तुमच्या विहिरीला कठडा आहे ना?"

मॅच संपली की आम्ही बाबल्याच्या हॉटेलात जमत असू. तिथे दोन बाकडी आणि दोन पक्ष. एक बूच पक्ष आणि एक धाव पक्ष. बूच पक्षात माणसं कमी, आणि तीही वयाने पिकलेली. धाव पक्षाचा पुढारी मी. मी शाळामास्तर, बॉलला कधी पाय लावला नव्हता, पण टेबलावर कप-बशा मांडून हल्ला कसा चढवायचा ते मी तासन् तास समजावून देत असे. "अरे, समोरच्याने गोल केला नाही म्हणजे आपण जिंकलो असं होतं का?" असं मी गरजलो की बाकडं हलत असे. बाबल्या कप परत मागायला यायचा आणि म्हणायचा, "माझ्या मतान् दाजींचाच बरोबर. हरलाव तर तुमी तोंड पाडून घरी जाताव, जिंकलाव तर नाचत घरी जाताव. शून्य-शून्य झाली तरच हाटेलात येताव."

बाहेरगावच्या टीमा बूट घालून येत. आमची पोरं अनवाणी. कुणी मचव्यावर खलाशी, कुणी नारळावर चढणारा, कुणी बंदरावर ओझी उचलणारा. बूट आणणार कुठून? आम्हांला बाकड्यावर बसून त्याचा अभिमानच होता. कातळावर अनवाणी खेळणारी आमची पोरं, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. माझ्या पायांत वहाणा असत.

त्या साली गणपतीच्या मेळ्याची पदं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मेळ्यात गावातल्या कुणाची तरी टोपी उडवायची हा रिवाजच होता. मी दाजींवर पद रचलं.

"बूच लावुनी बसले दाजी, गोल कुणी मग मारावा?
शत्रू येता मागे सरका, हाच तयांचा गनिमी कावा!"

दुसऱ्या कडव्यात मी पोरांनाही घेतलं होतं: मॅनेजर भित्रा, त्याचे गडी पळपुटे. मंडप हसून लोटपोट झाला. तीन वेळा 'वन्स मोअर' आला. दाजी पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि तेही टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दाराशी मला गाठून म्हणाले, "चाल झकास बसलीय, मास्तर. मला हवं ते म्हणा. फक्त ते दुसरं कडवं, पोरांना पळपुटे म्हटलंयत ते. तेवढं बदलता आलं तर बघा."

मी बदललं नाही. यमक बिघडत होतं. हे खरं कारण आहे आणि ते सांगताना आजही माझी मान खाली जाते.

विसर्जनापर्यंत ते पद पोरासोरांच्या तोंडी झालं. खेळाडूंनाही बाजारात लोक 'बूच' म्हणून हाका मारू लागले. त्यानंतर पंधरा दिवसांनी परगावची एक नावाजलेली टीम यायची होती. क्लबाच्या मंडळींनी बैठक घेतली आणि दाजींना सांगितलं, या मॅचपुरतं तुम्ही बाजूला व्हा, मास्तर बघतील. दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. "बघा हो," एवढंच म्हणाले.

मॅचआधी मी पोरांना भाषण दिलं. गनिमी कावा, समशेर, रत्नागिरीची अब्रू, काय काय बोललो. शेवटी म्हटलं, "आज जो मागे सरकेल तो पळपुटा." इब्राहिमचे डोळे लाल झाले होते. सगळ्यांत जास्त 'बूच' त्यालाच ऐकावं लागलं होतं.

पोरं धावली. अशी धावली की आम्ही कडेला उभ्या उभ्या दमलो. हाफ टाइमनंतर इब्राहिम एकटाच बॉल घेऊन आत शिरला. समोर त्यांचे दोन दांडगे बॅक, पायांत टोकदार बूट. त्याने बॉल मारला आणि त्याच क्षणी त्या दोघांचे पाय आले. बॉल गोलात गेला. 'काड्' असा आवाज झाला, तो मी ऐकला. ऐकला, आणि तरी मी आधी टोपी उडवली. शेजारच्याला मिठी मारली, नाचलो. इब्राहिमकडे मी नंतर बघितलं.

माझ्याआधी दाजी तिथे पोचले होते. गोलामागे, नेहमीच्या जागी, ते त्या दिवशीही उभेच होते. त्या टोकापासून या टोकापर्यंत तो पन्नाशीचा माणूस धावत आला.

चौघांनी इब्राहिमला उचलून दवाखान्यात आणलं. डॉक्टर कोटाच्या बाह्या वर सारत होते तेवढ्यात दाजींनी माळ्यावरून एक गाठोडं काढून माझ्यासमोर सोडलं. आत बांबूच्या कामट्या होत्या, तासून गुळगुळीत केलेल्या, दोन दोनच्या जोड्या बांधलेल्या. हाड मोडलं की बांधतात तशा. प्रत्येक जोडीवर शाईने नाव होतं. अकरा नावं, अकरा जोड्या, ज्याच्या त्याच्या नडगीच्या मापाच्या. दाजींनी 'इब्राहिम' लिहिलेली जोडी निवडली. ती बरोबर बसली.

बाहेरच्या ओसरीवर मी म्हटलं, "दाजी, बुटांची भीती होती तर आम्हांला आधी सांगायचं तरी."

"सांगून काय? बूट येणार होते थोडेच?" दाजी हात पुसत म्हणाले. "नि पोरांना सांगितलं असतं पाय सांभाळा, तर मेली ईर्षेने आणखी आत घुसली असती. वीस-बावीसचं वय. त्यापेक्षा मॅनेजरच भित्रा आहे म्हटलं की काम भागतं. नाव एकालाच पडतं."

मला रडू येत होतं आणि ते दाजींना दिसू नये एवढीच माझी धडपड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बंदराकडे इब्राहिमच्या घरी गेलो. वाटेत दाजी म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. मी बघतो. तुमच्या हाताखाली अजून लोकांची पोरं शिकायचीयत." मी मान हलवली. मनात आलं, तिथे गेल्यावर आपण बोलूच. उंबऱ्यापर्यंत मला तसं वाटत होतं.

इब्राहिम चटईवर पडला होता, पाय उशीवर. त्याची आई दाजींना बघताच उसळली. "दाजी, तुमच्या भरोशावर धाडलेला मी पोराला! हंगाम सुरू झालाय, आता मचव्यावर तुमी जाताव काय?"

"चुकलं माझं, बाय," दाजी म्हणाले. "मीच त्याला पुढे जा म्हटलं."

इब्राहिमने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मी हातातल्या टोपीची घडी नीट करत होतो. मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

त्याची आई दाजींना तोंडाला येईल ते बोलली. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाली, "निदान ह्या मास्तरांचा तरी ऐकायचा होतात. शिकलेला माणूस हाय."

"होय," दाजी म्हणाले. "ऐकायला हवं होतं."

ती आत गेली आणि पाहुण्याचं काही करायला हवं म्हणून एक शहाळं फोडून घेऊन आली. एकच. दाजींच्या पुढून नेऊन तिने ते माझ्या हातात दिलं, आणि मी ते प्यालो.